जड गोळी, लांब पल्ला आणि सरकारची भीती

लांब पल्ल्यावर जड गोळी टाकायची असेल तर शिकाऱ्याने कोणते काडतूस निवडावे, असा प्रश्न माझ्या पुतण्याने मला विचारला. तो लातूरला शिकतो, अमेरिकेतील शिकाऱ्यांची चलचित्रे पाहतो, आणि सुट्टीत शिरूर अनंतपाळला आला की शिवारात उभा राहून दूरच्या बाभळीकडे बोट दाखवत ‘तिथपर्यंत जाईल का?’ असे विचारतो. छंद म्हणून शिकार करण्याचे दिवस आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपत आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने पुरते संपले. तेव्हा त्याच्या प्रश्नाला व्यवहारात अर्थ उरलेला नाही. इतिहासात मात्र तो पुष्कळ आहे. हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानात उभा राहिला, तेव्हा त्याचे उत्तर शेवटी शिकाऱ्याने दिले नाही आणि बंदूक घडवणाऱ्यानेही दिले नाही. ते सरकारी हुकमाने ठरले. या लेखमालेच्या वाचकांना किल्ले आणि लढाया यांची सवय आहे. आज जरा पितळ, शिसे आणि दारू यांच्याकडे वळू.

आधी वजनाचे माप समजून घ्यावे लागेल, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गोळीचे वजन इंग्रजी पद्धतीत ‘ग्रेन’मध्ये मोजतात. ग्रेन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. पण कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा प्रमाणित केला तो नेमका १८० ग्रेनांचा, आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. म्हणजे आजीच्या पेटीतला जुना रुपया हातावर घेतला की १८० ग्रेन म्हणजे काय ते कळते. पुढे ज्या ज्या गोळ्या येतील त्या याच तराजूत घालत जाऊ. ‘काडतूस’ हा शब्दही असाच बाहेरून येऊन घरचा झालेला आहे. पोर्तुगीज ‘कार्तूशो’पासून तो आला आणि १८५७ नंतर तर प्रत्येक शाळकरी मुलाच्या तोंडी बसला.

त्या १८५७ पासूनच सुरुवात करणे योग्य. एनफील्ड रायफलीच्या काडतुसाला लावलेल्या चरबीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्या रायफलीची खरी नवलाई होती ती तिच्या नळीत. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी तिच्यातून खडखडत बाहेर पडे आणि शंभर पावलांपलीकडे ती कुठे जाईल याचा भरवसा नसे. एनफील्डच्या नळीत आटे पाडलेले होते. आट्यांमुळे गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी मिळते, गिरकीमुळे तिचे टोक पुढे राहते, आणि टोक पुढे राहिले की लांबट, जड गोळी वापरता येते. उठाव मोडल्यानंतर इंग्रजांनी काय केले? हिंदी शिपायांसाठी त्याच एनफील्डच्या धाटणीची, पण आतून मुद्दाम गुळगुळीत आणि रुंद केलेली बंदूक तयार करवली. दिसायला तीच, वजनाला तीच, पण पल्ला काढून घेतलेला. शस्त्र हाती द्यायचे पण लांबवर नेम धरू द्यायचा नाही, हे धोरण तेव्हापासूनचे आहे, आणि माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या धोरणात दडलेले आहे.

पुढील वीस वर्षांत हे अंतर पिढीच्या फरकाने राखले गेले. गोऱ्या पलटणींना नवी रायफल मिळे तेव्हा हिंदी पलटणींना त्यांची जुनी. मैवंदच्या लढाईत, २७ जुलै १८८० रोजी, ६६ व्या गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री होती आणि तिच्या शेजारी लढणाऱ्या मुंबई फौजेच्या हिंदी पलटणींच्या हाती जुनी स्नायडर. दोन वर्षे आधी, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा आला. सामान्य हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, युरोपीय माणसाला सूट राहिली. १८८७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्याच अधिवेशनात या कायद्याचा विषय निघाला, यावरून तो किती झोंबला होता हे दिसते.

आता ही मार्टिनी-हेन्री नीट पाहू, कारण पुढच्या नाट्याचे बीज तिच्यात आहे. १८७१ पासून ती ब्रिटिश फौजेची रायफल होती. तिची गोळी ४८० ग्रेनांची, म्हणजे आपल्या तराजूत अडीच रुपयांहून जड. मागे काळी दारू ८५ ग्रेन. वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर. नळीतील पीळ असा की २२ इंच पुढे जाताना गोळीचा एक फेरा पूर्ण व्हावा. दोनशे मीटरवर पोहोचायला या गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. आणि अर्ध्या सेकंदात कोणतीही वस्तू, मग ती झाडावरची कैरी असो वा नळीतली गोळी, सव्वा मीटर खाली येतेच. म्हणून शिपायाला अंतर अचूक ओळखावे लागे. ओळखण्यात पन्नास मीटरची गफलत झाली तर गोळी पायापाशी तरी पडे किंवा डोक्यावरून तरी जाई.

शिकारी लोकांना ही अडचण सैनिकांपेक्षा अधिक टोचत होती. मध्य भारताच्या जंगलांवर लिहिणारा जेम्स फोर्सिथ याने १८६० च्या दशकातच शिकारी रायफलीवर एक ग्रंथ लिहून लांबट जड गोळीविरुद्ध बाजू मांडली होती. त्याचे म्हणणे असे की आपल्या जंगलात जनावर पन्नास-साठ पावलांवर दिसते. तिथे मोठ्या व्यासाची गोल गोळी, भरपूर दारू आणि सैल पीळ हेच चांगले, कारण तेवढ्या अंतरात ती सरळ जाते आणि आघातही मोठा करते. साहेब मोठा तिखट लिहिणारा होता आणि त्याच्या काळापुरता बरोबरही होता. त्याच सुमारास ‘एक्सप्रेस’ रायफली निघाल्या: गोळी हलकी, दारू जास्त, वेग आगगाडीसारखा. काळवीटासाठी त्या छान. पण वाघाच्या खांद्यावर ती हलकी पोकळ गोळी कधी कधी वरच्यावर फुटून जाई आणि जखमी वाघ झाडीत शिरे. मग त्याच्या मागावर हाकाऱ्यांना पाठवले जाई. त्या हाकाऱ्यांची नावे शिकारकथांत सहसा नसतात.

हा वाद मला माझ्याच मुलुखाच्या नकाशावर दिसतो. नांदेडच्या उत्तरेला किनवट-माहूरचे सागाचे जंगल, पैनगंगेच्या काठचे. तिथे तीस पावलांपलीकडचे दिसत नाही. इकडे लातूरच्या बाजूला, आमच्या घरणी नदीपासून मांजरेपर्यंत, बालाघाटचा पठारी मोकळा प्रदेश. ज्वारी निघाल्यावर नजर पोहोचेल तिथपर्यंत काळी जमीन आणि त्यावर हरणांचे कळप. एका ठिकाणी जवळून जड आघात हवा, दुसऱ्या ठिकाणी लांबून अचूकपणा. हे दोन्ही भाग तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात. सहावा निझाम महबूब अली खान, १९११ मध्ये वारलेला, वाघाच्या शिकारीसाठी नावाजलेला होता आणि त्याच्या पदरच्या लाला दीनदयाळ यांनी टिपलेली दरबारी शिकारीची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. छायाचित्रांतील तंबू, हत्ती, पायाशी पसरलेली जनावरे यांकडे सर्वांचे लक्ष जाते. माझे लक्ष हातातील रायफलींकडे जाते. ती सवय आता जायची नाही.

संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. विलायतेहून येणारी पेटी इंग्रजांच्या बंदरातून आणि इंग्रजांच्या परवानगीनेच येणार. म्हणजे निझामाचा कायदा काहीही असो, काडतुसाची किल्ली मुंबईच्या बंदरावर होती.

१८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीने या साऱ्या वादावर तोड काढली. काळ्या दारूच्या काळातील सव्वातीन इंच लांब पुंगळी त्याने घेतली आणि तीत कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू भरली. गोळी ४८० ग्रेनांचीच, व्यास जवळजवळ तोच, पण वेग सेकंदाला साडेसहाशे मीटर. मार्टिनीच्या गोळीची ऊर्जा सुमारे २६०० ज्यूल, रिग्बीच्या.४५० नायट्रो एक्सप्रेसची सुमारे ६७००. वजन आणि जाडी न बदलता सत्तावीस वर्षांत अडीच पट. जंगलातही चालेल आणि दीडशे मीटरवरही पडझड फार नाही, असे काडतूस प्रथमच हाती आले.

पुंगळी इतकी लांब का, हेही समजण्यासारखे आहे. कॉर्डाइटला उन्हाचे वावडे. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो; अशा उन्हात तापलेले काडतूस उडवले की नळीतील दाब वाढतो, पुंगळी भिंतीला चिकटते, आणि दुनळी रायफल मोडून ती बाहेर ओढता येत नाही. समोर जखमी अस्वल असताना पुंगळी अडकणे म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून दारू थोडी, जागा प्रशस्त, दाब कमी. विलायती कारखाने उष्ण प्रदेशांसाठी दारू घटवून वेगळी काडतुसेही भरत. हिंदुस्थानातील शिकाऱ्याची निवड हवामानाने ठरते ती अशी. इथवर सगळे शहाणपणाचे होते.

मग १९०७ च्या सुमारास हुकूम निघाला: .४५० व्यासाच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये आणायची नाहीत.

कारण वरच्या आकड्यांतच आहे. फौजेने मार्टिनी-हेन्री टाकून दिली होती, पण त्या रायफली नाहीशा झाल्या नव्हत्या. सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे त्या होत्या, चोरबाजारात होत्या. त्यांना खाऊ घालायला काडतुसे मिळत नव्हती, एवढाच सरकारचा दिलासा. शिकाऱ्याच्या .४५० काडतुसातून गोळी उपसून मार्टिनीच्या पुंगळीत बसवता आली तर? वजन तेच, जाडी जवळजवळ तीच. वाघासाठी आणलेली गोळी शिपायाच्या छातीत जाईल, ही ती भीती. रिग्बीचे यश हाच त्याच्या काडतुसाचा गुन्हा ठरला.

बंदूक घडवणारे काही हात बांधून बसले नाहीत. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ आणले, जोसेफ लँगचे.४७० पुढे आले, जेफरीचे.४७५ नंबर २, वेस्टली रिचर्ड्सचे .४७६. सगळ्यांच्या गोळ्या ४८० ते ५२० ग्रेनांच्या आसपास, वेग सगळ्यांचा साडेसहाशेच्या घरात. .४५० आणि .४७० यांत नावापुरता फरक ०.०२ इंचाचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा. वाघाला त्याचा पत्ता लागण्याचे कारण नव्हते. आज जगभरचे शौकीन .४७० चे गुण गातात, आफ्रिकेच्या शिकारकथांत तो राजा म्हणून मिरवतो, आणि त्याच्या थोरवीची कारणे म्हणून चेंबरचा दाब, गोळीचा आकार वगैरे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण .४५० ला हिंदुस्थानची दारे बंद झाली नसती तर .४७० ची एवढी गरजच पडली नसती. एका वसाहती सरकारच्या धास्तीतून जगप्रसिद्ध काडतुसांचे एक कुटुंबच्या कुटुंब जन्माला आले.

आता या हुकमातील विसंगती पाहा. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धात इंग्रजांना सर्वांत जास्त सतावले ते बोअरांच्या ७ मिलिमीटर माउझर रायफलीने. जानेवारी १९०० मध्ये स्पिऑन कोपच्या टेकडीवर गोऱ्या सैनिकांची जी दैना झाली, त्यांना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी शुश्रूषापथकात मोहनदास गांधी होते. ज्या काडतुसाने हे केले ते १९०७ नंतरही हिंदुस्थानात शिकारीसाठी खुशाल चालत राहिले. कारण ब्रिटिश फौज ते वापरत नव्हती, म्हणून चोरलेल्या सरकारी रायफलीत ते बसणार नव्हते. शत्रूचे काडतूस चालेल, स्वतःचे चालणार नाही. त्याच वर्षी संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ह्यूएट यांनी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला रायफल भेट दिली, ती याच काडतुसाची. फक्त रिग्बीने त्याचे इंग्रजी बारसे करून त्याला.२७५ म्हटले होते. कॉर्बेटची जड रायफल जेफरीची .४५०/४०० दुनळी होती. नावात .४५० असूनही ती चाले, कारण तिची गोळी प्रत्यक्षात ०.४१० इंचाच्या आसपासची, चारशे ग्रेनांची. नियमाचे पालन मापाने होते, नावाने नाही, याचा हा छान दाखला.

या माउझरपाशी थोडे थांबू, कारण पुतण्याच्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर इथे आहे. १८९० च्या दशकातील मूळ गोळी १७३ ग्रेनांची. आपल्या तराजूत एका रुपयाला जेमतेम कमी. मार्टिनीच्या गोळीच्या तुलनेत ती वजनाने तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी पुढे, म्हणजे हलकीच. मग तिला जड का म्हणायचे? कारण ती बारीक आहे. पोते शिवायचे दाभण आणि त्याच वजनाचा लाकडी खुंटा यांतले पोत्यात काय शिरेल? गोळीचे वजन तिच्या व्यासाच्या वर्गाने भागले की हे ‘दाभणपण’ आकड्यात मिळते. वजन पौंडांत आणि व्यास इंचांत घेतला तर .४५० च्या ४८० ग्रेन गोळीचा आकडा येतो ०.३२७. माउझरच्या १७३ ग्रेनांचा ०.३०६. निम्म्याहून खाली आलेल्या ऊर्जेची नव्हे, या आकड्याची बरोबरी ध्यानात घ्या. ‘कारामोजो’ बेल नावाच्या स्कॉट शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुतेक याच काडतुसाच्या टणक गोळीने. मला त्या संख्येची किळस येते. पण लांबट गोळी किती खोल जाते याचा तो पुरावा आहे, तो नाकारता येत नाही.

लांबट गोळीला एक पथ्य मात्र असते. ती जितकी लांब, तितकी गिरकी जोराची हवी, नाहीतर ती हवेत कोलमडते. १८७९ मध्ये वूलिचच्या जॉर्ज ग्रीनहिल या गणित्याने त्याचे सूत्र दिले: व्यासाचा वर्ग घ्या, दीडशेने गुणा, गोळीच्या लांबीने भागा, जितके इंच येतील तितक्या अंतरात एक फेरा पुरतो. माउझरच्या गोळीसाठी हे उत्तर दहा इंचांच्या आसपास येते. जर्मनांनी नळीला पीळ दिला तो २२० मिलिमीटरला एक फेरा, म्हणजे पावणेनऊ इंचांहून थोडा कमी, गरजेपेक्षा घट्ट. मार्टिनीचा फेरा २२ इंचांना आणि माउझरचा २२ सेंटिमीटरला. आकडा तोच, एकक बदलले, आणि तेवढ्यात एक युग उलटले.

आजच्या अमेरिकेतील नवी काडतुसे पाहिली की हे पुन्हा दिसते. ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम १९६२ मध्ये आले तेव्हा हलक्या, वेगवान गोळ्यांचे दिवस होते. नळीचा पीळ साडेनऊ इंचांचा ठेवला गेला. पुढे लांब निमुळत्या टोकाच्या जड गोळ्या निघाल्या. त्यांना तो पीळ अपुरा पडला, आणि त्या लांब गोळ्या काडतुसाच्या पेटीत मावाव्यात म्हणून पुंगळीत खोल दाबाव्या लागल्या. खोल दाबली की दारूची जागा जाते. म्हणून २०२२ मध्ये हॉर्नडी कंपनीने ७ मिलिमीटर पीआरसी काढले. पुंगळीचे धड आखूड, गोळीचे नाक बाहेर, पीळ आठ इंचांचा. आणि शिकारीची गोळी किती ग्रेनांची? १७५. एकशेतीस वर्षांनी पुन्हा तोळ्याच्या जवळची तीच गोळी, त्याच व्यासाची. वेग सव्वापटीहून जास्त झाला आणि टोक भाल्यासारखे झाले, एवढाच फरक. लांब पल्ल्यावर हवेशी भांडायचे असते; बोथट नाकाची गोळी दाभणासारखी जड असली तरी वाटेत दमते, निमुळती गोळी वेग राखते. माझ्या पुतण्याला हवे असलेले उत्तर हे: आधी गोळी निवडावी, मग तिच्या लांबीला पुरणारा पीळ, मग तिला सामावणारी पुंगळी. काडतुसाचे नाव सर्वांत शेवटी.

पण हा क्रम जिथे निवडीची मोकळीक आहे तिथला. आपल्याकडे क्रम उलटा होता आणि स्वातंत्र्यानंतरही उलटाच राहिला.

विसाव्या शतकात फौजेची गोळी .३०३ झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि चार-पाच दिवसांत आमचा मुलूख भारतात आला, त्या सैनिकांच्या खांद्यावर .३०३ होती, तिची गोळी १७४ ग्रेनांची, रुपयाला सहा ग्रेन कमी. या .३०३ चीही इंग्रजांनी जुनी युक्ती करून ठेवली होती: इशापूरच्या कारखान्यात तिच्या नळ्या गुळगुळीत करून .४१० ची मस्केट बनवली आणि ती पोलीस व पहारेकऱ्यांच्या हाती दिली. १८५८ चीच कल्पना, अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले. त्यांत .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे सरकारी काडतूस ज्यात बसेल अशी रायफल सामान्य नागरिकाला निषिद्ध ठरली, आणि.४१० मस्केटचे काडतूस ज्यात बसेल अशी बंदूकही. १९०७ चा तर्क नव्या प्रजासत्ताकाने जवळजवळ जसाच्या तसा उचलला. दोष देण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की कोणतेही सरकार आपल्या कोठारातील काडतूस खासगी बंदुकीत जाऊ नये असे पाहते. माझा आक्षेप एवढाच की परकी सरकारची भीती आणि स्वकीय सरकारची काळजी यांना एकच भाषा पुरावी, याचे आपल्याला नवलही वाटत नाही.

मग परवानाधारक भारतीयाला कोणती रायफल मिळाली? .३१५. इशापूरची रायफल, बांधणी थेट ली-एनफील्डच्या घराण्याची, पण काडतूस वेगळे. ते आले ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेकडून: १८९० च्या सुमाराचे मॅनलिखर काडतूस. ज्या साम्राज्याचे ते होते ते १९१८ मध्ये नकाशावरून गेले. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने हिंदुस्थानसाठी ते शिकारी रायफलीत घातले होते, कारण ते ब्रिटिश फौजेचे नव्हते. त्याच कारणाने ते स्वतंत्र भारतात टिकले. आणि ते बनते कुठे, तर पुण्याजवळ खडकीच्या १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यात. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. त्याची गोळी २४४ ग्रेनांची, मऊ टोकाची. आता तीच भागाकाराची कसोटी लावून पाहा. व्यास ०.३२३ इंच, उत्तर ०.३३४. रिग्बीच्या .४५० पेक्षा अधिक, माउझरपेक्षा अधिक, अमेरिकेच्या त्या नव्या पीआरसीपेक्षाही अधिक. कागदावर सर्वांत ‘जड’ गोळी खडकीची निघाली! नाक बोथट आणि वेग बेताचा असल्याने ती तीनशे मीटरवर फार खाली उतरते हे खरे. पण किनवटच्या जंगलासाठी कोणी विचारपूर्वक काडतूस शोधले असते तर बहुधा असेच काहीतरी निवडले असते. इथे मात्र ते कोणी निवडले नव्हते. नकार देता देता जे उरले ते हे होते.

रायफल तरीही पैसेवाल्यांची आणि वशिल्याची वस्तू. खेड्यातील शेतकऱ्यासाठी कायद्याने वेगळे दार ठेवले आहे: कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षण आणि क्रीडेसाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक. शब्द पुन्हा वाचा. गुळगुळीत नळी. १८५८ साली हिंदी शिपायाच्या हाती जे ठेवले तेच, शंभर वर्षांनी शेतकऱ्याच्या हाती. यामागे आता शिपायांची भीती नाही. दाट वस्तीच्या, मोकळ्या शिवारात चुकलेली रायफलीची गोळी दोन किलोमीटरवरच्या माणसाला लागू शकते, छऱ्याला तो पल्ला नसतो, हे कारण मला स्वतःला पटते. आमच्याकडे शेताला शेत लागून आहे, बांधावर कोणीतरी असतेच. ती बाभळही कोणाच्या तरी बांधावर आहे, आणि तिच्या सावलीत दुपारी माणसे जेवायला बसतात.

माझ्या चुलत आजोबांकडे अशी एक बंदूक होती. परवान्यावर तिचे वर्णन एका ओळीत होते: एकनळी, ठासणीची, पीक संरक्षणासाठी. ज्वारी हुरड्यात आली की ते रात्री माळ्यावर जात. नळीत मोजून दारू घालायची, चिंधी ठासायची, छर्रे, पुन्हा चिंधी, मग टोपी बसवायची. एवढे होईपर्यंत रानडुकरांचा कळप शेजारच्या शेतात पोहोचलेला असे. त्यांनी आयुष्यभरात एकही डुक्कर मारले नाही. बार काढायचा तो आवाजासाठी, आणि दारू भिजली असेल तर तोही निघत नसे. दिवसा पाखरांसाठी मात्र ते गोफण वापरत. त्यांचा दगड विहिरीच्या पलीकडच्या कडब्याच्या गंजीपर्यंत जाई, बंदुकीचे छर्रे कधीच तिथवर गेले नाहीत. आणि गोफणीचे नूतनीकरण करायला त्यांना दर तीन वर्षांनी तहसीलला जावे लागत नसे.